सावरटोल्याच्या तलावातला काळा थर

मित्रांनो, मी एक जुना गाळपंप आहे. चंद्रपूरच्या बाहेर एका गोदामाच्या मागे, बाभळीच्या झाडाखाली मला ठेवले आहे. मला तरंगत ठेवणारी दोन्ही लोखंडी पिंपे गंजली आहेत आणि इंजिनावरचा पत्रा वाऱ्याने वाजतो. येणारेजाणारे मला भंगार समजतात. त्यात त्यांची चूक नाही. रस्ता करणारे यंत्र मागे रस्ता ठेवते, विहीर खणणारे यंत्र मागे विहीर ठेवते. माझे काम पाण्याखालचे असते आणि ते नीट झाले तर वरून काहीच दिसत नाही. म्हणून ते सांगावे लागते.

माझी जुळणी पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाली. मला बनवणाऱ्यांपुढे एक अवघड प्रश्न होता. बंदरांत आणि खाड्यांत वर्षानुवर्षे गाळ साचतो. नुसता गाळ असता तर तो कशानेही उपसता आला असता. पण त्यात होड्यांचे तेल असते, रंग असतो, कारखान्यांतून वाहत आलेले शिसे आणि जस्त असते. हे धातू पाण्यात फारसे विरघळून राहत नाहीत. ते गाळाच्या अगदी बारीक कणांना चिकटतात आणि त्यांच्यासोबत तळाशी जाऊन बसतात. तळ कोणी ढवळला नाही, तर ते बरेचसे तिथेच पडून राहतात. मोठा लोखंडी पंजा तळावर आदळला की तेच कण पाण्यात उसळतात, माशांच्या कल्ल्यांत शिरतात आणि ओहोटीबरोबर दूर जातात. म्हणजे साफ करायला गेलेला माणूस घाण पसरवून परत येतो.

म्हणून माझे तोंड वेगळे केले गेले. माझ्या नळीच्या टोकाला पत्र्याचा एक घुमट आहे आणि घुमटाच्या कडेला रबराची झालर आहे. घुमट तळावर हलकेच टेकतो, झालर कडा झाकते आणि आतला गाळ सावकाश नळीत ओढला जातो. बाहेरचे पाणी जवळजवळ स्थिर राहते. हवा तेवढाच थर उचलायचा आणि खालच्या चांगल्या मातीला हात लावायचा नाही, हा माझा मुख्य गुण. मी हळू काम करतो. याबद्दल मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.

पहिली काही वर्षे मी कोकणातल्या एका छोट्या मासेमारी बंदरात होतो. तिथे पूर्वी उपसलेला गाळ होडीत भरून खोल समुद्रात टाकत असत. आम्ही तो घट्ट विणीच्या लांबलचक कापडी पिशव्यांत भरला. त्या विणीतून पाणी झिरपते आणि कण आत राहतात. पुढे तो गाळ सिमेंटात पक्का बांधून त्याच बंदराच्या धक्क्यामागे भराव म्हणून वापरला. त्या दिवशी माझ्या इंजिनाला झेंडूचा हार घातला होता. काम संपल्यावर मला एका छपराखाली ढकलले आणि हार माझ्यावरच सुकून गेला. मला वाटले, आपले आयुष्य आता खाऱ्या हवेत गंजत संपणार.

पण एका हिवाळ्यात मला ट्रकवर चढवले गेले. समुद्र मागे राहिला. नागपूर गेले, वरोरा गेले आणि माजरीच्या बाजूला सावरटोला नावाच्या गावात मला उतरवले. आजूबाजूला कापसाची वावरे होती, मोहाची झाडे होती आणि समोर एक मोठा जुना तलाव होता. तलावाच्या मातीच्या बांधाला तिथे पाळ म्हणतात. पाळीच्या पोटात पाणी सोडायची एक दगडी मोरी आहे, तिला तुडुम म्हणतात. तुडुमातून निघालेले पाणी खालच्या धानाच्या बांध्यांत जाते. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला वावराचा चौकोन.

मी पाळीवर उभा होतो आणि माझ्याभोवती गाव जमले होते. त्यात ढिवर, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीतली मनकर्णा होती. ती मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष. तिने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि कमरेवर हात ठेवला.

“हे काय आनलं बाप्पा? डोंगा हाये का पिठाची चक्की?”

मला चालवणारा प्रफुल धानोऱ्याकडचा होता. तो हसून म्हणाला, “बाई, हे मशीन गाळ खाते.”

“खाऊ दे मंग. आमी दोन वर्सापासून तेच खाऊन राह्यलो.”

सगळे हसले, ती हसली नाही.

तिच्या बोलण्याचा अर्थ मला हळूहळू कळला. तलावाला मिळणाऱ्या नाल्याच्या वरच्या अंगाला कोळसा धुण्याचे एक ठिकाण होते. ते केव्हाच बंद पडले, मालक निघून गेले. पण कोळशाचे काळे, धातू मिसळलेले धुवण बरीच वर्षे नाल्यातून येत राहिले आणि तलावाच्या तळाशी बसले. आधी शिंगाड्याचे वेल कुजले. मग माशांना वास येऊ लागला. वरोऱ्याच्या बाजारात मनकर्णा टोपली घेऊन बसली की गिऱ्हाईक वाकून वास घेई आणि काही न बोलता पुढे जाई. ढिवर वस्तीतले पुरुष माजरीकडे मजुरीला जाऊ लागले. जाळी आढ्याला टांगून राहिली.

तरीही मनकर्णाने एक गोष्ट सोडली नव्हती. पाळीच्या खाली सोसायटीची एक छोटी बोडी होती, म्हणजे लहानसे तळे. तिथे ती आणि वस्तीतल्या बायका माशांची बोटुकली वाढवत होत्या. बोटुकली म्हणजे बोटाएवढे पिल्लू. रोहू आणि कतला यांची ही पिल्ले त्यांनी वर्षभर कोंडा आणि सरकीची ढेप खाऊ घालून जगवली होती. तलाव साफ झाला की पावसाळ्यात ती त्यात सोडायची, म्हणजे पुढच्या साली जाळी खाली उतरतील, अशी तिची आशा होती. माझ्या येण्याला वस्तीतल्या अर्ध्या लोकांचा विरोध होता. तिने एकटीने हट्ट धरून त्यांना तयार केले होते.

काम सुरू होण्याआधी पाळीवर सभा झाली. गाळ तपासणारी दिव्यानी वरोऱ्याची, रसायनशास्त्र शिकलेली. तिने डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, जाऊन एक पारदर्शक नळी तळात रोवली आणि ती तशीच वर काढून सगळ्यांसमोर उभी धरली. नळीत थर स्पष्ट दिसत होते. वर वीतभर काळा, लोण्यासारखा मऊ. त्याखाली करडा आणि पिवळट.

“हा खालचा गाळ तलावाचा स्वतःचा आहे,” ती म्हणाली. “तो जुना आहे, चांगला आहे. त्याला आपण हात लावायचा नाही. वरचा काळा थर तेवढा काढायचा. आणि तोही फेकून द्यायचा नाही. त्याचा पुन्हा उपयोग करायचा.”

लोकांनी माना हलवल्या. कोणी काही विचारले नाही.

दिव्यानीच्या मनात ठोकळे होते. काळा गाळ, राख आणि सिमेंट यांचे मिश्रण दाबून रस्त्याचे ठोकळे करायचे, म्हणजे धातू आत पक्के बांधले जातील. पण असे ठोकळे पाण्यात ठेवल्यावर त्यांतून काही बाहेर येते की नाही, ही तपासणी अजून नागपूरच्या प्रयोगशाळेत चालू होती. उत्तर हाती नसताना ठोकळ्यांचे नाव घेणे तिला बरोबर वाटले नाही. तिच्या शिक्षणाने तिला हेच शिकवले होते. म्हणून ती ‘उपयोग’ एवढेच म्हणाली आणि थांबली.

मी तलावात उतरलो. गोडे पाणी मला नवीन होते. खाऱ्या पाण्यापेक्षा ते हलके, त्यामुळे माझी पिंपे जरा जास्त बुडत. तलावाच्या पाण्यात कापडाचा एक लांब पडदा सोडून अर्धा भाग वेगळा केला होता, म्हणजे चुकून काही ढवळले तर ते पलीकडे जाऊ नये. प्रफुल माझा घुमट तळावर टेकवी आणि इंजिनाचा आवाज ऐकून गाळाची जाडी ओळखी. काळा थर पाळीवरच्या पिशव्यांत जाई. पिशव्यांतून झिरपलेले पाणी एका खड्ड्यात साठे, दिव्यानी ते तपासे आणि मगच ते तलावात परत सोडले जाई. पिशव्या मोठ्या होत्या, झोपलेल्या म्हशींसारख्या दिसत. काही दिवसांनी पहिल्या पिशव्या बसू लागल्या आणि आतला गाळ घट्ट झाला.

मनकर्णा रोज येई. एकदा तिने साफ केलेल्या भागात हात घालून बोटे नाकाशी नेली. “नाई येत,” ती प्रफुलला म्हणाली. “वास नाई येत रे.” मग पुन्हा एकदा वास घेतला. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिले.

आता जे झाले ते सांगायला मला जड जाते.

सावरटोल्यात एक जुनी रीत आहे. तलावाचा गाळ निघाला की पहिली बंडी, म्हणजे पहिली बैलगाडी, पाणकराच्या बांधीत जाते. पाणकर म्हणजे तुडुम उघडणारा, पाण्याची वाटणी करणारा. आणि ती बंडी निघताना ढिवराच्या घरच्या माणसाने नारळ फोडायचा. गाळ गेला की मासोळीला खोल पाणी मिळते आणि बांधीला खत मिळते, म्हणून दोन्ही घरांचा हा सण. गावात पाणकीचा मान गोविंदाच्या घरी होता. त्याची बांधी तुडुमाच्या अगदी खाली होती. त्याच्या बांधीला लागून, धुऱ्याच्या पलीकडे, मनकर्णाची बोडी होती.

त्या दिवशी माझी रबरी झालर फाटली म्हणून प्रफुल वरोऱ्याला गेला होता. दिव्यानी नागपुरात होती. मी पाळीला दोराने बांधलेलो होतो. सकाळी गोविंदा बंडी घेऊन पाळीवर आला. बैलांच्या शिंगांना लाल गोंडे लावले होते. मागून मनकर्णा आली, हातात नारळ घेऊन.

“दोन वर्सं झाले गोविंदाभाऊ, तुले मान भेटला नाई,” ती म्हणाली.

“तुमची मेहरबानी बाई. म्या तं समजलो का तुमी विसरल्या.”

“ढिवराची पोरगी हाये मी. नारळ कशी विसरीन?”

गोविंदाने फावड्याने पिशवी फाडली. गाळ हातात घेऊन त्याने अंगठ्याने चोळला. “पाय ना, कसा लोण्यावानी झाला! इतका बारीक गाळ माया बापानं पायला नसन.”

“काळा लय हाये.”

“काळा तं चांगलाच राह्यते बाई. त्या पोरीनंच सांगतलं ना, फेकाचा नाई, उपयोग कराचा. तुमाले मासोळीतलं समजते, वावरातलं मले समजू द्या.”

“समजू दे बाप्पा, समजू दे,” ती म्हणाली, आणि तिने नारळ बंडीच्या चाकावर फोडला. खोबऱ्याचा तुकडा तिने गोविंदाला दिला आणि एक तुकडा माझ्या इंजिनावर ठेवला.

मित्रांनो, त्या गाळात काय आहे हे पाळीवर त्या घडीला फक्त मला माहीत होते. मी तो वीत वीत ओढला होता. पण मला आवाज आहे तो इंजिनाचा, आणि इंजिन बंद होते. बंडी भरली गेली, पाळ उतरली आणि गोविंदाच्या बांधीत रिकामी झाली. नंतर तो आणखी काही खेपा घेऊन गेला. संध्याकाळी प्रफुल परतला, त्याने फाटलेली पिशवी पाहिली आणि आपल्या हलगर्जीनेच ती उसवली, बसली ती पाणी झिरपून, असे समजून तिचे तोंड शिवून टाकले.

गोविंदाने तो गाळ धानाच्या पऱ्ह्यासाठी पसरला. पऱ्हे म्हणजे रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी दाट पेरून काढलेली रोपे. त्याने धान फेकले आणि पुढच्या आठवड्यात तुडुम उघडला. पाणी बांधीत भरले, काळे झाले, धुऱ्याच्या कडेवरून ओसंडले आणि बोडीत उतरले. ते पाणी दरवर्षी असेच बोडीत उतरे. बायकांना ते हवेच असे.

सकाळी मनकर्णा कोंड्याची टोपली घेऊन बोडीवर आली. मी वरून पाहत होतो. पाणी शाईसारखे झाले होते आणि सगळी बोटुकली वर आली होती. त्यांची तोंडे पाण्याबाहेर उघडझाप करत होती. इतकी तोंडे एकदम वर आली की बोडीचे पाणी उकळत असल्यासारखे दिसते. तिच्या हातातली टोपली पडली.

“गोविंदा! तुडुम लाव! पाणी बंद कर रे!”

“काऊन? काय झालं बाई?”

“माये पोट्टे मरून राह्यले! बंद कर म्हणते ना!”

वस्तीतल्या बायका धावल्या. घागरी, पातेली, टोपल्या, हाताला येईल ते घेऊन त्या पाण्यात उतरल्या. प्रफुलने माझे इंजिन चालू केले. माझी नळी तळावरून उचलून त्याने वरच्या स्वच्छ पाण्यात धरली आणि तिचे दुसरे टोक बोडीकडे वळवले. त्या दिवशी मी गाळ ओढला नाही. मी पाणी फेकले, उंच, जमेल तितके उंच, म्हणजे पडताना त्यात हवा मिसळेल. माझ्या पात्यांना हे काम माहीत नव्हते. इंजिन तापून धूर निघू लागला तरी प्रफुल थांबला नाही.

थोडी पिल्ले वाचली. ती घागरींत होती आणि दुपारपर्यंत त्यांतलीही बरीच उताणी झाली. बाकीची बोडीच्या काठाला लागली. पांढरी पोटे, काळे पाणी. बायका ती वेचत होत्या.

संध्याकाळी दिव्यानी आली. तिने बोडीचे पाणी तपासले. मग तिने लोकांना सांगितले की हा काळा गाळ तळाशी असताना हवेपासून लांब असतो. तो मोकळ्या पाण्यात पसरला की पाण्यातला प्राणवायू भराभर ओढून घेतो. पिल्लांना श्वासच घेता आला नाही. धातूंचे परिणाम त्याहून हळू होतात. ते धानात आले असते आणि कोणाला कळलेही नसते.

गाव पाळीवर जमले होते. म्हातारा सुकलू मासेमारी सोडून कधी कशात पडत नसे, पण त्या दिवशी तो कुऱ्हाड घेऊन आला होता.

“मशीन येच्या आगोदर बोडी चांगली होती,” तो म्हणाला. “कोळसा होता, वास होता, पन आमचे पोट्टे जिते होते. काढा हे भूत तलावातून. नाई तं मी याची नळी कापतो.”

“काप,” कोणीतरी मागून म्हणाले.

“चूक माझी आहे,” दिव्यानी उभी राहिली. बोलता बोलता ती घरच्या बोलीवर आली. “गाळ कुठी जानार हे मी सांगाले पाह्यजे होतं. ठोकळ्याची तपासणी होत नाई तवरी बोलाचं नाई, असं वाटलं मले.”

“अन् आमच्या इथी गाळ म्हटलं का वावरच दिसते, हे तुले मालूम नव्हतं?” मनकर्णाने विचारले.

“नव्हतं बाई. म्या विचारलंच नाई.”

गोविंदा पाळीच्या कडेला उकिडवा बसला होता. तो म्हणाला, “पिशवी म्या फाडली. कोनाले विचारलं नाई. पहिल्या बंडीले कोन विचारते?”

मनकर्णा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “विचाराचं कोनाले होतं रे? मीच तं होती तिथी. नारळ म्या फोडला. आता सांग, कुऱ्हाड कोनावर चालवू? तुयावर का मायावर?”

मग ती दिव्यानीकडे वळली. “आता इथीच बंद केलं तं काय होते?”

“अर्धा तलाव झाला. अर्ध्यात काळा थर तसाच हाये. पडदा काढला तं नाल्याच्या पुरानं तो साफ झालेल्या भागावर पसरन. मंग पहिल्यासारखंच.”

“अन् चालू ठेवलं तं?”

“पूर येच्या आत होऊन जाईन. पन मासोळीचं मी आज सांगू शकत नाई.”

मनकर्णाने सुकलूच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि खाली ठेवली. “चालू ठेवा,” ती म्हणाली. “पन आजपासून पिशवी उघडन तं माया समोर उघडन. गाळ कुठी जाते, काय बनते, थे मले दाखवाचं. अन् समजलं नाई तं पुन्हा सांगाचं.”

“आन या वर्सी तलावात काय सोडसीन?” सुकलूने विचारले. “गोटे?”

“या वर्सी काई नाई सोडनार.”

हे बोलून ती निघून गेली. वर्षभर वाढवलेली पिल्ले तिने पाळीच्या कडेला पुरली.

दुसऱ्या दिवसापासून गोविंदाची बांधी खरवडायला सुरुवात झाली. धानाला कोंब फुटले होते. त्या कोंबांसकट वरची माती फावड्याने काढून घमेल्यांनी पुन्हा पिशव्यांत भरायची होती. पाण्याखालचा गाळ मी ओढू शकतो, पण बांधीत माझा उपयोग नाही. तिथे गोविंदा, त्याच्या घरची माणसे आणि ढिवर वस्तीतल्या बायका होत्या. सुकलूही होता. तो शिव्या देत होता आणि घमेले उचलत होता. बोडीचाही तळ तसाच हाताने खरवडला. माझ्या नळीतून जो गाळ आठवड्यात आला असता तो काढायला त्यांना किती कष्ट पडले, ते मी पाळीवरून पाहत होतो. चुकीच्या जागी गेलेला गाळ परत आणणे किती कठीण असते, हे मला तिथे कळले. गोविंदाला त्या साली पऱ्हे दुसऱ्याच्या बांधीत टाकावे लागले आणि रोवणी उशिरा झाली.

मी उरलेला थर ओढत राहिलो. मनकर्णा रोज पिशव्यांपाशी बसे. ठोकळ्यांची तपासणी चांगली निघाली तेव्हा दिव्यानीने बादलीत भिजवलेला ठोकळा आणून तिला दाखवला आणि त्या पाण्यात काय सापडले, काय नाही, ते समजावले. मनकर्णाने पुष्कळ प्रश्न विचारले. मग म्हणाली, “रस्त्याले लावा. बसथांब्याले लावा. पन बाजारात आमी मासोळी ठेवतो त्या ओट्याले हे लावाचं नाई.” दिव्यानी म्हणाली की तपासणीनुसार तिथेही चालले असते. “चालन बाई,” मनकर्णा म्हणाली, “पन गिऱ्हाईकाले वास आठवन.” दिव्यानीने ते मान्य केले.

नाल्याला पूर येण्याआधी तळ साफ झाला. पावसाळाभर मी पाळीवर ताडपत्रीखाली उभा होतो. पाणी भरले, तलाव मोठा झाला आणि त्यात कोणी काही सोडले नाही. ढिवर वस्ती त्या वर्षी शांत होती. पुरुष माजरीला जात. काही बायका ठोकळे पाडायच्या कामावर होत्या, मनकर्णाची सून रीता कामासाठी वरोऱ्यात राहायला गेली. संध्याकाळी पाळीवर माणसे येऊन बसत आणि रिकाम्या पाण्याकडे बघत. काम पूर्ण झाले म्हणून मला कोणी हार घातला नाही आणि मलाही तो नको होता.

हिवाळ्यात एका सकाळी मनकर्णाने आढ्याचे जाळे काढले. सुकलू तिच्याबरोबर डोंग्यात होता. नाल्यातून काही मासे आपसूक वर चढून येतात, ते आलेत का हे तिला बघायचे होते. तिसऱ्या फेकीला जाळ्यात दोन मरळी आल्या, चांगल्या हातभर लांब. डोंगा माझ्या शेजारीच लागला होता. मनकर्णाने एक मरळ दोन्ही हातांत धरली आणि तिच्या कल्ल्यांपाशी नाक नेले. बराच वेळ ती तशीच होती.

“येते का?” सुकलूने विचारले.

“नाई.”

“मंग काय पाह्यतं? उद्या वरोऱ्याचा बाजार हाये. घेऊन जाय दोन्ही. इतक्या दिवसानं टोपली भरन. लोकाइले दाखवू, सावरटोल्याची मासोळी हाये म्हनून.”

“दिव्यानीनं सांगतलं ना. तळ साफ झाला म्हनून मासोळी साफ झाली असं नाई. थे वेगळं तपासा लागते.”

“अवो, दोनच तं हायेत! कोनाले समजते?”

“मले समजते,” मनकर्णा म्हणाली.

तिने एक मरळ पाण्याच्या डब्यात ठेवली, दिव्यानीकडे तपासायला पाठवण्यासाठी. दुसरी तिने पाण्यात धरली आणि बोटे सैल केली. मरळ क्षणभर तिच्या तळहातावरच राहिली. मग शेपटी हलली आणि ती खाली गेली. सुकलूने डोंगा वळवला.

त्याच आठवड्यात ट्रक आला आणि मला इथे, या गोदामामागे आणून ठेवले. त्या मरळीच्या तपासणीत काय निघाले ते मला अजून कळलेले नाही. चांगले निघाले असेल, किंवा आणखी एक वर्ष थांबावे लागले असेल. मला कोणी येऊन सांगत नाही, आणि यंत्राला सांगायचे असते हे कोणाला सुचतही नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातही तलाव असेल, बंदर असेल, नदीचा एखादा डोह असेल. त्याच्या तळाशी काय बसले आहे हे काठावरून दिसत नाही, म्हणून त्यात काही नाही असे समजू नका. तो साफ करायची वेळ आली तर घाई करू नका. उपसलेला गाळ कुठे जाणार आहे हे काम सुरू होण्याआधीच विचारा. आणि ते एकट्याला विचारू नका. जो गाळ तपासतो, ज्याच्या बांधीत पाणी जाते, जिच्या बोडीत ते उतरते, त्या सगळ्यांना एका पाळीवर बसवा आणि सगळ्यांचे समजून होईपर्यंत बोला. तेवढे बोलणे झाले असते, तर त्या बोडीतली पिल्ले आज तलावात मोठी झाली असती.

मी जुना आहे, पण माझी पाती अजून फिरतात. मला रंग दिला नाही तरी चालेल. अजून कितीतरी तलावांच्या तळाशी काळे थर आहेत आणि त्यांच्या काठावर कोणाची तरी जाळी आढ्याला टांगलेली आहेत. त्यांना फार वाट पाहायला लावू नका.